डीएनए चाचणीसाठी लाळ दिली होती? डेटा आणि नमुना दोन्ही असे मिटवा

अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मग प्लास्टिकच्या नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस मोजायचा नाही. झाकण दाबलं की त्यातलं द्रावण लाळेत उतरतं आणि नळी पोस्टात. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांनी सेलमध्ये असं किट घेतलं असेल, तेही ‘आपले पूर्वज कुठले’ एवढ्याच कुतूहलापोटी. पण त्या नळीबरोबर दोन गोष्टी जातात: शरीराचा अंश आणि त्यातून वाचलेली माहिती. परत घेताना दोन्हींचा हिशोब वेगळा मागावा लागतो.

मार्च २०२५ मध्ये अशी किट विकणाऱ्या ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांचा डेटा कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न उभा राहिला. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, लोकांना डेटा मिटवायच्या हक्काची जाहीर आठवण करून दिली. पुढे कंपनी सहसंस्थापक ॲन वोजित्स्की यांच्याच ना-नफा संस्थेने विकत घेतली. तरी मिटवायचंच ठरवलं असेल, तर क्रम असा ठेवा.

१. आधी अहवाल आणि कच्चा डेटा उतरवून घ्या. एकदा मिटलं की परत मिळत नाही. ही फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, आणि ‘फुकट विश्लेषण’ देणाऱ्या दुसऱ्या साइटवर तर मुळीच नको.

२. सेटिंग्जमध्ये संशोधनाची संमती काढून घ्या. झालेल्या संशोधनातून तुमची माहिती उपसून काढता येत नाही, पुढचा वापर तेवढा थांबतो.

३. लाळेचा नमुना जपून ठेवायला होकार दिला होता का, ते तिथेच पाहा आणि ‘नष्ट करा’ हा पर्याय निवडा. ही पायरी विसरू नका.

४. मग डेटाच्या विभागात जाऊन ‘परमनंटली डिलीट’ दाबा. इथे काम संपलं असं वाटतं, पण संपलेलं नसतं. कंपनीकडून ईमेल येतो आणि त्यातल्या लिंकवरून दुजोरा दिल्याशिवाय काहीच मिटत नाही. स्पॅममध्येही बघा. प्रयोगशाळांच्या नियमांमुळे काही नोंदी त्यानंतरही ठेवल्या जातात, हेही माहीत असू द्या.

५. भावंडांना फोन करा. २०२३ मध्ये चोरांनी दुसरीकडून मिळालेले पासवर्ड वापरून याच कंपनीतली साधारण १४ हजार खाती उघडली, पण नातेवाईक जुळवणाऱ्या सोयीमुळे जवळपास ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. तुम्ही खातं मिटवलं तरी सख्ख्या भावाच्या खात्यात तुमचा साधारण अर्धा डीएनए असतोच. निदान ती जुळवणीची सोय त्याला बंद करायला सांगा.

किट कधी घेतलंच नसेल, तरी दवाखान्यात रक्त किंवा गाठीचा तुकडा तपासणीला देताना हाच प्रश्न येतो. कॅलिफोर्नियात जॉन मूर नावाच्या ल्युकेमियाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये काढली. तिच्या पेशींपासून डॉक्टरांनी पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत वाढतच राहणाऱ्या पेशी, तयार केला आणि त्याचं पेटंट त्यांच्या विद्यापीठाने घेतलं. मूर कोर्टात गेले. १९९० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, काढलेल्या पेशींवर त्यांची मालकी नाही, मात्र डॉक्टरांनी आपला संशोधनातला आणि पैशाचा स्वार्थ आधी सांगायला हवा होता. मला हा निकाल अर्धाच पटतो. पण त्यातून एक उघड आहे: विचारायची वेळ सही करण्याआधीची असते.

म्हणून संमतीपत्र हातात आलं की नर्सला किंवा डॉक्टरांना सरळ विचारा: ‘उरलेल्या नमुन्याचं काय करता? संशोधनासाठी ठेवणार असाल, तर त्याला नाही म्हटलं तर तपासणी होईल ना?’ तसं कलम छापील मजकुरात असेल तर त्यावर रेघ मारून शेजारी सही करा, आणि कागद परत देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.