रब्बी गव्हाला झिंक सल्फेट: २१ टक्के की ३३ टक्के, मात्रा कशी काढावी

बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. माती परीक्षणात उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.६ भाग) कमी निघाले, तर पेरणीच्या वेळी हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या, असे सांगितले जाते. दुकानात मात्र या एकाच नावाची दोन खते असतात: हेप्टाहायड्रेट २१ टक्के आणि मोनोहायड्रेट ३३ टक्के. २० किलोची मात्रा पहिल्याची आहे.

दोन्हींतला फरक फक्त स्फटिकातल्या पाण्याचा. जस्ताचे अणुवस्तुमान ६५.४, गंधकाचे ३२.१ आणि ऑक्सिजनचे १६. झिंक सल्फेटात ऑक्सिजनचे चार अणू, म्हणजे ६४. बेरीज १६१.५. पाण्याच्या एका रेणूचे १८. हेप्टाहायड्रेटमध्ये असे सात रेणू असल्याने १२६ मिळवायचे, रेणुवस्तुमान २८७.५ येते. जस्ताचा वाटा ६५.४ भागिले २८७.५ गुणिले १००, म्हणजे २२.७ टक्के. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एकच रेणू, म्हणून रेणुवस्तुमान १७९.५ आणि जस्त ३६.४ टक्के. पाणी धरायचेच विसरले तर उत्तर ४०.५ टक्के येते. इतके जस्त बाजारातल्या कुठल्याही झिंक सल्फेटात नसते.

गोणीवर २२.७ ऐवजी २१ छापलेले असते, यात फसवणूक नाही. २२.७ आणि ३६.४ हे आकडे शुद्ध रसायनाचे आहेत. खत नियंत्रण आदेशाने ठरवलेले किमान प्रमाण २१ आणि ३३ आहे. शेतातला हिशेब गोणीवरच्या आकड्यानेच करावा.

२० किलो गुणिले ०.२१, म्हणजे ४.२ किलो जस्त. तेवढेच मोनोहायड्रेटमधून द्यायचे तर ४.२ भागिले ०.३३, म्हणजे पावणेतेरा किलो पुरते. एकरी साधारण पाच किलो. सवयीने २० किलोच टाकले तर ६.६ किलो जस्त जाते आणि वरचा खर्च वाया. भावाची तुलनाही याच रीतीने करा: गोणीची किंमत भागिले गोणीतले जस्ताचे किलो. महाग दिसणारी गोणी कधी कधी स्वस्त निघते.

फवारणीत चूक जास्त महागात पडते. ०.५ टक्के द्रावण म्हणजे १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हेप्टाहायड्रेट, १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. मोनोहायड्रेट असेल तर पंपाला ४८ ग्रॅम पुरे. द्रावण आम्लधर्मी असते, पाने करपू नयेत म्हणून १०० लिटरला २५० ग्रॅम चुना वेगळ्या भांड्यात भिजवून त्याची निवळी गाळून मिसळावी. न गाळलेल्या चुन्याने नोझल तुंबते. चिलेटेड झिंकमध्ये (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले जस्त) जस्त साधारण १२ टक्के असते आणि त्याची मात्राही निराळी, तिथे हा हिशेब लावू नका. पाकिटावरचीच मात्रा घ्या.

स्फुरद-पालाशचा घोळ वेगळा आहे: आकडा ऑक्साइडचा की मूलद्रव्याचा. गव्हाच्या १२०:६०:४० (हेक्टरी किलो नत्र, स्फुरद, पालाश) या शिफारशीतले ६० आणि डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट) गोणीवरचे ४६ हे दोन्ही आकडे फॉस्फरस पेंटॉक्साइडचे असतात, त्यामुळे थेट भागाकार चालतो: ६० भागिले ०.४६, हेक्टरी १३० किलो डीएपी. त्यातून साडेतेवीस किलो नत्रही जाते, ते युरियाच्या पहिल्या हप्त्यातून वजा करायला विसरू नका. अहवालात मूलद्रव्य फॉस्फरस दिला असेल तेव्हाच २.२९ ने गुणावे. पेंटॉक्साइडचे रेणुवस्तुमान १४२, त्यात फॉस्फरस ६२. १४२ भागिले ६२ म्हणजे हाच गुणक. पोटॅशियमवरून पालाश काढायला १.२ ने गुणायचे.

डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र कालवू नये. जस्त आणि फॉस्फेटचा न विरघळणारा साका बनतो आणि दोन्ही अन्नद्रव्ये पिकाला कमी मिळतात. झिंक सल्फेट शेणखतात मिसळून वेगळे टाकावे. खरेदीच्या वेळी मात्र हाच साका उपयोगी पडतो. झिंक सल्फेटात मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ सर्रास होते, कारण दोन्ही स्फटिक दिसायला सारखेच. नमुन्याच्या द्रावणात डीएपीचे द्रावण ओता. दाट, दह्यासारखा साका आला तर जस्त आहे. नुसत्या मॅग्नेशियम सल्फेटात तसा साका येत नाही. भेसळ अर्धवट असेल तर या चाचणीत कळेलच असे नाही, अशा वेळी खरेदीची पावती जपून ठेवा आणि कृषी विभागाच्या खत निरीक्षकाकडे तक्रार करून नमुना घ्यायला लावा.