दारव्हा, आर्णी, यवतमाळ आणि टॅली एकच: दुकानातला कॉम्प्युटर व्हर्च्युअल सर्व्हरला असा जोडा

आमचं कृषी केंद्र दारव्ह्याला, दुसरं काउंटर आर्णीला, आणि हिशोब पाहणारे काका यवतमाळला बसतात, तिघांनाही एकच टॅली, म्हणजे हिशोब-बिलिंगचं सॉफ्टवेअर, पाहिजे. आधी मागच्या खोलीत टिनाखाली एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवला होता, पण मे महिन्याच्या उन्हात तो काय टिकतो भाऊ, त्यात इथली लाइन गेली की तिकडे आर्णीचं बिलिंगही बंद. म्हणून भाड्याने व्हर्च्युअल सर्व्हर घेतला, म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशीनचा आपल्यापुरता तुकडा, त्यावर विंडोज सर्व्हर टाकलेली. टॅली तिथेच चालते, डेटाही तिथेच राहतो, आपल्याकडे फक्त स्क्रीनचं चित्र येतं आणि इथून कीबोर्ड-माउसचं दाबणं तिकडे जातं, यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात. त्यामुळे दुकानातला जुना डबाही पुरतो, आणि विंडोज होम असली तरी अडत नाही, काहून की होमवर बाहेरून कोणाला आत घेता येत नाही पण तिच्यावरून दुसरीकडे जाता येतं.

जोडायला ५ मिनिटं लागतात. डोकं खातं ते त्याच्या आधीचं काम, म्हणून तेच आधी सांगतो.

पहिलं म्हणजे प्रत्येकाला वेगळा युजर. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचाच पासवर्ड देऊन टाकला, अन् दोन दिवस तमाशा झाला. आर्णीचा पोरगा लॉगिन झाला की दारव्ह्याचा माणूस बाहेर, हा परत घुसला की तो बाहेर, आणि दोघंही आपापल्या जागी नेटला शिव्या देत बसलेले! नेटचा काही दोष नव्हता, विंडोज सर्व्हर मुळातच एका युजरला एकच सेशन, म्हणजे लॉगिन करून चालू असलेली बैठक, देते, त्याच नावाने दुसरा आला की चालू सेशन त्याच्या हातात जातं. तर सर्व्हरवरच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये लोकल युजर्समध्ये जाऊन तीन युजर बनवा, तिघांना रिमोट डेस्कटॉप युजर्स या ग्रुपमध्ये टाका, आणि पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायची जी टिक आपोआप आलेली असते ती काढा, नाही तं रिमोटवरून लॉगिनच होत नाही आणि तुम्ही पासवर्ड चुकला समजून बसता.

दुसरं लायसन्स. नुसत्या विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच रिमोट सेशन चालतात, तेही देखभालीसाठी म्हणून दिलेले. तिघांनी रोज काम करायचं तं रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा रोल, म्हणजे विंडोज सर्व्हरचा जास्तीचा भाग, टाकावा लागतो आणि त्याचं लायसन्स वेगळं. रोल टाकल्यावर १२० दिवस लायसन्स न टाकताही सगळं मस्त चालतं, आणि इथेच माणूस फसतो. फेब्रुवारीत सेटअप केला तं १२० दिवस भरतात जूनमध्ये, म्हणजे मृगाचा पाऊस पडलेला, बियाण्यासाठी काउंटरवर गर्दी, आणि सर्व्हर आत घ्यायलाच तयार नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यालाच आधी विचारून घ्या की हे लायसन्स भाड्यात आहे का. स्वतः विकत घेत असाल आणि डोमेन, म्हणजे सगळे युजर एकाच जागेहून सांभाळायची व्यवस्था, नसेल, आपल्यासारख्या दुकानात नसतंच, तं डिव्हाइसवालं घ्या, युजरवालं डोमेनशिवाय नीट चालत नाही. आणि टॅलीही पाहून घ्या, सिल्व्हर एकाच माणसापुरती असते, तिघं एकदम बसणार तं गोल्ड लागते.

तिसरं, ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं नेटवरचं दार, उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. रिमोट डेस्कटॉप याच पोर्टवर चालतो हे सगळ्या चोरांना माहीत आहे, त्यांचे प्रोग्राम दिवसरात्र पासवर्ड लावून पाहत राहतात, सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी पाहा, म्हणजे कळेल किती जण कडी वाजवून गेले. आपल्या दुकानाचाच आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरच्या राखणदारात, टाकावा म्हटलं तं मोबाइल डेटावर तो सारखा बदलतो, आणि एकाच आयपीमागे शेकडो लोक असतात. म्हणून मधात व्हीपीएन, म्हणजे नेटमधून जाणारा आपला खाजगी बंद रस्ता, पाहिजे. आम्ही वायरगार्ड वापरतो, फुकट आहे आणि हलका आहे. सर्व्हरवर एकदा लावायचा, तो युडीपी ५१८२० वर ऐकतो, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला आपली वेगळी चावी आणि १०.८.०.२, १०.८.०.३ असा वेगवेगळा आतला पत्ता द्यायचा. अलाउड आयपीजच्या जागी फक्त सर्व्हरचा आतला पत्ता लिहा, म्हणजे बाकी नेट आपल्या रस्त्याने जातं, आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा, नाही तं मोबाइल नेटवर थोडं शांत बसलं की जोडणी झोपते. मग सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमात स्कोपमध्ये फक्त व्हीपीएनचे पत्ते टाका. पण त्याआधी व्हीपीएनवरून आत जाता येतं का ते पाहून घ्या बाप्पा, नाही तं स्वतःच बाहेर अडकाल आणि होस्टिंगच्या पॅनलमधल्या कन्सोलवरून कुलूप उघडावं लागेल.

आता दुकानातल्या कॉम्प्युटरवर या. वायरगार्ड चालू करा, विंडोजचं बटण आणि आर सोबत दाबा, एमएसटीएससी (mstsc) इंग्रजीत टाइप करून एंटर, रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडते. तिथे सर्व्हरचा आतला पत्ता टाका, बाहेरचा नाही. शो ऑप्शन्स दाबून युजर नेम भरा, लोकल रिसोर्सेसमध्ये प्रिंटर आणि क्लिपबोर्डला टिक ठेवा, एक्स्पीरियन्समध्ये स्पीड कमीचा निवडा, वॉलपेपर अन् अ‍ॅनिमेशन पाहून कोणाचं पोट भरणार आहे, पण बिटमॅप कॅशिंग चालू ठेवा. मग जनरलमध्ये येऊन सेव्ह अ‍ॅज करून ही फाइल डेस्कटॉपवर ठेवा, उद्यापासून डबल क्लिक केलं की झालं. पहिल्या वेळी ओळख पटत नाही असा पिवळा इशारा येतो, सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याने स्वतःच बनवलेलं असतं म्हणून, पत्ता बरोबर आहे पाहून येस करा. नाहीच जोडलं तं पिंगवर भरवसा ठेवू नका, विंडोजचा फायरवॉल बरेचदा पिंगला उत्तरच देत नाही. आधी वायरगार्डमध्ये लेटेस्ट हँडशेक, म्हणजे दोन्ही बाजूंची शेवटची गाठ पडल्याची वेळ, दिसतो का ते पाहा, नसेल तं गडबड नेट किंवा चावीत, असेल तं फायरवॉल नाही तं युजरमध्ये.

लाइन गेली तं घाबरू नका, सेशन तिकडे जिवंत असतं, अर्धं लिहिलेलं व्हाउचर लाइन आल्यावर तसंच सापडतं. पण याच सोयीचा त्रासही आहे, घरी जाताना वरची फुली दाबली तं फक्त चित्र बंद होतं, टॅली तिकडे चालूच, रॅम खात. म्हणून रात्री टॅली बंद करून स्टार्टमधून साइन आउट, हे पोराला दहादा सांगा. तरी विसरतोच, म्हणून आम्ही सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये, तुटलेलं सेशन ३ तासांनी संपवायचं लावलं.

प्रिंटर बहुतेक आपोआप येतो, नावापुढे रिडायरेक्टेड लिहिलेलं असतं. जुना डॉट मॅट्रिक्स मात्र कुरकुरत एकेक ओळ काढतो, गिऱ्हाईक उभं राहून कंटाळतं, त्यासाठी त्याच मॉडेलचा ड्रायव्हर सर्व्हरवरही टाकून पाहा.

आणि सर्व्हरचं घड्याळ. बरेचदा ते युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आम्ही बॅकअप पहाटे ५ ला लावला होता, तो चालायचा सकाळी साडेदहाला, ऐन गर्दीत, आणि मी आठवडाभर रोज त्याच वेळी टॅली काहून रेंगाळते म्हणून राउटर बदलायला निघालो होतो.