साइड-बाय-साइड गाडीतून आवाज येतोय? डिफ्रन्शियल खोलण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात गाडी खोलायला माणूस मिळत नाही असं सहसा होत नाही. उद्यमनगरात सकाळी दिलेल्या शाफ्टला बुश बसवून, टर्निंग करून संध्याकाळी हातात देणारे कारागीर आहेत. पण काम इतकं सहज होतं, म्हणूनच आवाज कशाचा हे ठरायच्या आत गाडी खोलून बसलेली असते. पन्हाळ्याच्या बाजूच्या रिसॉर्टवर नाहीतर स्वतःच्या मळ्यात फिरणाऱ्या पोलारिस आरझेडआर, कॅन-ॲम मॅव्हरिकसारख्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटच्या, कच्च्या वाटेवरच्या) गाड्यांची रचना ना जीपची, ना ट्रॅक्टरची. बहुतेकांत इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंतची ताकद रबरी बेल्टवरून येते आणि तिथूनच जीपवरचे आडाखे चुकायला लागतात.

‘कुठून येतोय?’ हा पहिला प्रश्न नव्हे

सीटमागं इंजिन, खाली पत्रा आणि अंगाभोवती पाइपांचा सांगाडा. पुढच्या चाकाची टकटक पाइपातून फिरून मानेमागं ऐकू येते. त्यामुळं कान कुठं लागतो याला फार किंमत देऊ नका. आवाज केव्हा येतो ते आधी बघा.

गाडी सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रलमध्ये थोडा रेस द्या. अशा वेळी इंजिन, पुढची (इंजिनवरची) पुली, आणि बेल्टनं पकड घेतली की मागची (गिअरबॉक्सवरची) पुली आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, एवढंच फिरतं. चाकं थांबलेली असतात. आवाज इथंच आला तर ॲक्सल (चाकाला फिरवणारा दांडा), प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून पुढं ताकद नेणारा लांब दांडा) आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) सध्या यादीतून बाहेर. गाडी चालायला लागल्यावरच आला तर तो वेगाबरोबर वाढतो की लोडबरोबर, हे बघा. चढावर एक्सलरेटर दाबल्यावर येतो आणि उतारावर जातो, की दोन्हीकडं सारखाच राहतो?

पुढची पायरी मोजणीची, आणि ती बहुतेक जण टाळतात. २७ इंची टायरचा एक फेरा साधारण २.१५ मीटर. म्हणजे ताशी १० किमीला चाक सेकंदाला सव्वा फेऱ्याच्या आसपास फिरतं. प्रोपेलर शाफ्ट बहुतेक गाड्यांत त्याच्या तीन-चारपट वेगानं फिरतो. याच वेगात मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ठोके मोजा. सेकंदाला एक-सव्वा ठोका असेल तर चाक, हब, ब्रेक डिस्क, ॲक्सल बघायचं. चार-पाच असतील तर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे). एवढ्या मोजणीनं अर्धी गाडी खोलायची वाचते.

एका मळ्यातल्या गाडीला असाच चर्र-चर्र आवाज होता. मिस्त्रींनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “मालक, पुढचा डिफ्रन्शियल गेला बघा. खोलावा लागतोय.” डिफ्रन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारी गिअरपेटी. पण ठोके मोजले तर चाकाच्या फेऱ्याला बरोबर एक. चाक काढल्यावर ब्रेक डिस्क आणि कॅलिपरच्या मध्ये अडकलेला जांभ्याचा बोटाएवढा खडा निघाला. डिस्कवर गोल चरा पडला होता. मिस्त्री हसले, “म्हणजे आजचा चहा माझ्याकडं.” खडे, तापलेला सैल पत्रा, सायलेन्सरची स्प्रिंग, खालच्या प्लेटवर साचलेला चिखल आणि ॲक्सलला गुंडाळलेलं उसाचं पाचट यांना ड्राइव्हट्रेन (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग) म्हणत नाहीत, पण आवाज मात्र ते हुबेहूब तसाच काढतात. आधी गाडी धुवा, पाचट कापून काढा, चाकाचे नट टॉर्क पान्यानं तपासा. मगच पुढं.

स्टँडवर चढवून ऐकताना

इथं दोन चुका होतात. एक, फक्त मागची चाकं उचलून ऑल-व्हील (चारही चाकांना ताकद) चालू ठेवायचं. पुढच्या चाकांनी पकड घेतली की गाडी स्टँडवरून उडी मारते. उचलायची तर चारही चाकं, आणि माणूस समोर किंवा मागं उभा नको. दुसरी चूक जास्त महागात पडते. चाकं लोंबकळत असली की ॲक्सलचा कोन खूप वाढतो, आणि चांगला सीव्ही जॉइंटसुद्धा (ॲक्सलच्या टोकाचा वळता सांधा) टकटक करायला लागतो. मग चार चांगले ॲक्सल भंगारात आणि नवे चार गाडीत. गाडी जमिनीवर असताना सस्पेन्शनचे हात (चाकं धरणारे दांडे) जेवढ्या उंचीला असतात तेवढ्या उंचीला त्यांना खालून आधार द्या आणि मग ऐका.

बेल्टचा कुईकुई आणि गिरणीची राळ

गिरणीच्या पट्ट्याला राळ लावायची सवय आपल्याकडं जुनी आहे. या गाड्यांच्या बेल्टला राळ, साबण, स्प्रे यांतलं काहीही लावू नका. पुलीच्या दोन तिरक्या तोंडांवर बेल्ट वरखाली सरकला पाहिजे, तरच गाडीचा रेशो बदलतो. चिकट काही लागलं की तो अडकतो, तेलकट लागलं की घसरतो.

निघताना येणारा कुईकुई बहुतेक वेळा पाण्याचा नाहीतर चकाकी आलेल्या बेल्टचा असतो. गगनबावड्याकडच्या पावसात ओढा ओलांडला आणि बेल्ट घसरायला लागला, तर थांबून कव्हरचा ड्रेन प्लग काढा, न्यूट्रलमध्ये थोडा रेस देऊन पाणी उडवा. कोरडा असतानाही आवाज येत असेल तर इंजिन बंद करून कव्हर काढा आणि बेल्टच्या बाजू बघा.

निघताना ठप्-ठप् असा धक्का, वेग वाढला की विरतो? बेल्टच्या एका जागी खळगा पडलेला असतो. गाडी चिखलात रुतलेली, चाकं हलत नाहीत आणि पाय एक्सलरेटरवर, असं झालं की पुढची पुली एकाच जागी बेल्ट घासते. तो बेल्ट आता बदलायचा, दुरुस्त होत नाही. आणि पुन्हा होऊ नये म्हणून रुतल्यावर, चढावर, ट्रॉली ओढताना लो गिअर लावायचा. आपल्याकडं लो गिअर म्हणजे कमीपणा वाटतो, त्याचा भुर्दंड बेल्ट भरतो. नव्या बेल्टला पहिले ८० किमी तरी जोर लावू नका.

कव्हर काढून इंजिन चालू करून बघायचा मोह आवरा. हजारो फेऱ्यांनी फिरणारा बेल्ट तुटला तर तो चाबकासारखा बाहेर येतो.

गिअर टाकताना कर्रर

उभ्या गाडीत न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकताना कर्रर वाजलं की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल लागतो. थांबा. इंजिन बंद करून गिअर टाका. गुपचूप पडला तर गिअर ठीक आहेत. इंजिन आयडलवर असतानाही पुली बेल्टला थोडं ओढत आहे, म्हणून इनपुट शाफ्ट फिरत राहतो आणि दात घासतात. आयडल फेरे वाढलेत का, पुलीत धूळ-चिखल साचलाय का, बेल्ट चुकीच्या मापाचा आहे का, ते तपासा. दोन्ही वेळा वाजला तर मात्र गिअरबॉक्सचं तेल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट असणं साहजिक आहे. चकत्या, टोकदार तुकडे निघाले तर खोलण्याशिवाय इलाज नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, तेव्हा गिअरबॉक्सच्या श्वासनळीचा (हवा आत-बाहेर जाण्याचा) पाइप निसटलाय का बघा.

शाफ्ट, क्रॉस, अ‍ॅक्सल

वळताना टकटक म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फाटलेला रबरी बूट दिसला आणि आवाज अजून आला नसेल, तर लगेच खोलून धुवा, नवं ग्रीस आणि बूट घाला. लाल माती मिसळलेलं ग्रीस हे घासायचं पेस्टच असतं. वळताना नाही, पण एक्सलरेटर आणि ब्रेक यांच्या अदलाबदलीला एकच ‘ठक्’ येत असेल, तर हबचा नट ढिला होऊन स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दात) खेळत असतात. तिथं ॲक्सल बदलून उपयोग नाही.

फॉरवर्ड-रिव्हर्सला ठणका आणि हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव असेल तर क्रॉसमधलं ग्रीस संपलंय. ठरावीक वेगालाच घूं घूं आणि सीटखाली थरथर असेल तर शाफ्टचा मधला बेअरिंग. हे नीट करायला शाफ्ट काढला की दोन्ही तुकड्यांवर आधी पंचानं खूण मारा. स्प्लाइनवर एखाद-दुसरा दात चुकीचा बसला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एकाच रेषेत राहत नाहीत, आणि थरथर आधीपेक्षा जास्त होते.

आरझेडआरच्या बाबतीत आणखी एक. ‘टू-व्हीलमध्येही आवाज येतो, म्हणजे पुढचं काही नाही’ हा तर्क लागू होत नाही. पुढं जाणारा शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरतच असतो, तुटक-जोड पुढच्या गिअरकेसमध्ये होते. त्या केसमध्ये रोलर क्लच (रोलर अडकून जोडणारा क्लच) असल्यानं कंपनीनं सांगितलेलंच तेल लागतं. घरात उरलेलं ९० नंबरचं गिअर तेल ओतलं की ऑल-व्हील लागताना ठोकते किंवा लागतच नाही. चाकं जोरात फिरत असताना ऑल-व्हीलचं बटण दाबणं टाळा.

बेअरिंग दुकानात नमुना दाखवून मिळतो, पण नंबरापुढची अक्षरंही जुळवा. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. चिखलात पत्रा टिकत नाही. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा नोझल सील, क्रॉस आणि बेल्टच्या हवेच्या तोंडावर धरू देऊ नका. नवा बेअरिंग महिन्यात बोलायला लागतो तो यामुळंच.

बेल्ट तुटला तर गाडी न्यूट्रलमध्ये सावकाश ओढा. नवा बसवण्याआधी कव्हरमधले, पुलीच्या आतले आणि हवेच्या पाइपातले दोरे एकेक करून काढा. इंजिनच्या शाफ्टभोवती गुंडाळलेला धागा राहिला तर तो ऑईल सील कापतो, आणि नव्या बेल्टवर तेल यायला लागतं.