टीसीएल टाकलं हे ऐकू नका, शेवटचा नळ तपासा

पहिला पाऊस पडला की ग्रामपंचायतीत एकच प्रश्न, टीसीएल (पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकलं का, आणि एकच उत्तर, टाकलं की. मी आमच्या गावच्या पाणी समितीवर होतो तेव्हा या उत्तरावर एकदा चांगलाच फसलोय. वहीत रोज सही, आणि खालच्या आळीत आठवडाभरात घरोघरी जुलाब. जाऊन बघितलं तर पोतं दमट खोलीत तोंड उघडं पडलेलं, पावडरीचे खडे झालेले, क्लोरीन कधीच उडून गेलेलं, म्हणजे आम्ही टाकीत जवळपास नुसता चुनाच कालवत होतो.

आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही हां. कॅनडात ऑन्टॅरियोमधलं वॉकर्टन, पाचेक हजार वस्तीचं गाव. मे 2000 मध्ये जोराचा पाऊस झाला, शेजारच्या शेतातल्या शेणखताची घाण पावसाबरोबर विहिरीत उतरली, आणि पाणी बघणारे लोक क्लोरीन न मोजताच रजिस्टर भरत होते. 7 माणसं गेली, 2,300 च्या वर आजारी पडली.

तर आधी डोस. चांगल्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, तसं असेल तर 1000 लिटरला 5 ग्रॅम. टाकीची क्षमता माहीत असते, विहिरीची काढावी लागते: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला 3.14 ने गुणा, 4 ने भागा, आणि 1000 ने गुणलं की लिटर. 4 मीटर व्यासाची विहीर, 3 मीटर पाणी, म्हणजे 37,700 च्या आसपास लिटर, म्हणजे 190 ग्रॅम पावडर. ती तशीच भिरकावून द्यायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती दोरानं विहिरीत सोडून वरखाली हलवा. गाळ विहिरीत टाकू नका. हे रात्री केलेलं बरं, निदान तासभर कुणी पाणी उपसू नये.

आता खरं काम, ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची किटची चाचणी, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. बहुतेक जण ती टाकीखालच्या नळाला करतात, तिथं पिवळं दिसणारच की! करायची ती लाईनच्या शेवटच्या घरात, गावाच्या टोकाला. नळीत खुणेपर्यंत पाणी, किटवर लिहिलेत तेवढे थेंब, आणि रंग लगेच तक्त्याशी लावून बघायचा, पाच मिनिटांनी गडद झालेला रंग फसवतो. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवं, साथीचे दिवस असतील तर 0.5. टेस्टचं पाणी ओतून द्या, हाताला लागू देऊ नका, ते केमिकल चांगलं नाही.

टाकीशी पिवळं आणि टोकाला रंगच आला नाही तर बहुधा मधे कुठंतरी घाण शिरतेय. आपल्याकडं पाणी दिवसातून तासभर येतं, बाकी वेळ पाईप रिकामा, आणि रिकामा पाईप फुटक्या जॉइंटमधून बाहेरचं ओढून घेतो. त्यामुळं आधी गटार ओलांडणारी लाईन बघा, मग व्हॉल्व्हचे खड्डे, त्यात पाणी साचलेलं असेल तर चोर सापडला. तोट्या नसलेले, गटारात लोंबणारे नळ पण.

एकाच आळीत तीन-चार पेशंट दिसले की आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी सांगा, गावाची बदनामी होईल म्हणून लपवू नका (आम्ही दोन दिवस लपवलं, वाईट चूक). आणि घाईघाईनं जास्तीचं टीसीएल ओतायच्या आधी पाण्याचा नमुना घ्या, नाहीतर पुरावाच मरतो. बाटली लॅबची घ्या, आत थोडं केमिकल असतं म्हणून ती विसळायची नाही, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा. कोण कुठलं पाणी पितं ते घरोघरी विचारून कागदावर आळीचा नकाशा काढा, दहा मिनिटांत कळतं दोष बोअरचा की नळाचा.

कावीळ असेल तर आजचं पाणी तपासून भागत नाही, लागण झाल्यापासून दिसायला महिनाभर जातो, त्यामुळं महिन्यापूर्वी कुठली लाईन फुटली होती, कधी दुरुस्त केली, ते विचारा. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट वाढले तेव्हाही संशय पाण्यावरच गेला होता, म्हणजे हातपाय लुळे पडल्याची तक्रार आली तरी पाण्याचा विचार करा.

तोपर्यंत गावात दवंडी द्या, व्हॉट्सॅपवर टाका: पाणी खळखळ उकळून प्यायचं, जुलाब होत असतील तर ओआरएस सुरू करून दवाखाना गाठायचा. गळती काढल्यावर लाईन धुऊन क्लोरीनचं पाणी सोडा, आणि परत नमुना पाठवा, लॅबचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत उकळणं बंद करू देऊ नका, लोक दोन दिवसांत कंटाळतात.