उताऱ्यातून निष्कर्ष काढताना: पर्याय आधी खोटा पाडून बघा

‘लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही.’

मीमांसकांचं, म्हणजे मीमांसा या जुन्या भारतीय दर्शनाच्या पंडितांचं, हे शेकडो वर्षांपूर्वीचं वाक्य मी सीसॅटच्या, म्हणजे स्पर्धा परीक्षेतल्या आकलन आणि तर्काच्या पेपरच्या, वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो. यावरून काय कळतं? देवदत्त रात्री जेवतो. उघड दिसत नाही, पण मानल्याशिवाय वाक्याचा मेळ बसत नाही, अशा गोष्टीला त्यांनी ‘अर्थापत्ती’ असं नाव दिलं. हे झालं की दर वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, “सर, रात्री चोरून खातो.” वर्ग हसतो. पण परीक्षेत गुण जातात ते नेमके या ‘चोरून’मुळे. देवदत्त रात्रपाळीचा वॉचमन असेल. रमजानचे रोजे धरणाऱ्या एखाद्याचंही दिवसा जेवणं नसतं. ‘चोरून’ हा शब्द उताऱ्यात नव्हता, तो आपण घरून आणला.

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे या सीसॅटमध्ये, 2 तासांत 80 प्रश्न असतात, एकूण 200 गुणांचे. पेपर पात्रतेपुरता, 33 टक्के मिळाले की झालं, म्हणून मुलं उताऱ्यांकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडकतात. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो ते वेगळंच. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेतही आकलनाचे उतारे असतात. तिथल्या मुलांना हीच पद्धत शिकवता येते, फक्त उतारे सोपे घ्यायचे.

आधी प्रश्न, मग उतारा, पर्याय सर्वांत शेवटी

प्रश्नाची ओळ आधी वाचा. ‘उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो?’ आणि ‘लेखकाने काय गृहीत धरले आहे?’ हे वेगळे प्रश्न आहेत. निष्कर्ष उताऱ्याच्या पुढे असतो, गृहीतक उताऱ्याच्या पायाखाली. पर्याय मात्र आधी वाचू नका. ते वाचून उताऱ्याकडे गेलात की तुम्ही वाचत नाही, शोधत सुटता, आणि शोधणाऱ्याला हवं ते सापडतंच.

उतारा वाचून झाला की समासात एक ओळ लिहा: हा माणूस काय म्हणतोय? ‘काही अभ्यासकांच्या मते’ने सुरू झालेला परिच्छेद बहुधा ‘परंतु’वर उलटतो. त्या अभ्यासकांचं मत लेखकाच्या नावावर खपवू नका.

बारीक शब्दांना गोल करा

मराठीत अर्थाचा सगळा भार कधी कधी एका अक्षरावर असतो. ही चार वाक्यं बघा.

सोमवारी बाजार भरतो.
सोमवारीच बाजार भरतो.
सोमवारीही बाजार भरतो.
सोमवारी तरी बाजार भरतो.

पहिल्यावरून मंगळवारबद्दल काहीच कळत नाही. दुसऱ्यावरून मंगळवारी बाजार नाही हे पक्कं. तिसऱ्यावरून आणखी किमान एका दिवशी बाजार भरतो हे पक्कं, पण कोणत्या दिवशी ते कळत नाही. चौथ्यात बोलणाऱ्याची कुरकुर ऐकू येते, बाकीच्या दिवसांची खात्री मात्र नाही. बाजार तोच, वार तोच, निष्कर्ष चार. घाईत वाचणारा ‘च’ आणि ‘ही’ गिळून टाकतो आणि मग दोन पर्याय त्याला सारखेच वाटायला लागतात.

‘बहुतेक’ हा तर आपला खास दुतोंडी शब्द. ‘बहुतेक शेतकरी मोर्चाला जातील’ म्हणजे शेतकऱ्यांपैकी बरेचसे जातील, की शेतकरी कदाचित जातील? आजूबाजूची वाक्यं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ‘काही मुलं पास झाली’ यावरून बाकीची नापास झाली असं बोलण्यात आपण समजून जातो, पण तर्काच्या हिशेबात ते निघत नाही. ‘10 जूनपर्यंत पाऊस आला नव्हता’ यावरून 11 जूनला तो आला असं नाही. आणि बातम्यांमधलं ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे काहीतरी घडलं असं अजिबात नव्हे. तिथे फक्त दार उघडं ठेवलेलं असतं.

उलट एवढासा शब्द कधी बरंच देऊनही जातो. स्टँडवर पाटी लागली: ‘सोमवारपासून मुक्कामी गाडी पुन्हा सुरू होईल.’ एका ‘पुन्हा’तून दोन गोष्टी मिळाल्या: गाडी पूर्वी होती, मधे बंद पडली. का बंद पडली ते पाटी सांगत नाही. प्रवासी मिळत नव्हते म्हणून, असा पर्याय असला तर तो कितीही खरा वाटो, सोडून द्या.

पर्याय खोटा पाडून बघा

सगळ्यात महत्त्वाचं काम हे. पर्याय समोर आला की आपण तो पटतो का ते बघतो. ही सवय मोडा. उलट विचारा: उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं ठेवून हा पर्याय खोटा ठरेल, अशी एखादी गोष्ट मला रचता येते का? आली, तर पर्याय गेला. डोकं खाजवूनही येत नाही, तोच निष्कर्ष.

एक उतारा घेऊ.

‘महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला 20 किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या माण तालुक्यात वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपासच असतो.’

(1) साताऱ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस सतत कमी होत जातो.
(2) सह्याद्री ढग अडवतो, त्यामुळे पूर्वेकडे पाऊस कमी पडतो.
(3) एकाच जिल्ह्यातल्या, एकमेकांजवळच्या ठिकाणांच्या पावसातही मोठा फरक असू शकतो.
(4) महाबळेश्वरला उन्हाळ्यात पाणीटंचाई भासत नाही.

माझ्या अनुभवात मुलं (2) वर तुटून पडतात. कारण ते खरं आहे! पर्जन्यछाया शाळेत शिकलेलो आहोत. पण उतारा पुन्हा वाचा, त्यात सह्याद्रीचं नावसुद्धा नाही. आकडे आहेत, कारण नाही. उलट भूगोलाच्या पेपरात हेच उत्तर लिहिलं असतं तर गुण मिळाले असते. हुशार मुलांना हे सर्वांत जड जातं, आणि मला त्यांची कीव येते, कारण इतकी वर्षं त्यांना माहिती असण्याबद्दलच शाबासकी मिळालेली असते.

(1) मध्ये ‘सतत’ला गोल करा. उताऱ्यात तीनच ठिकाणं आहेत. पाचगणी आणि माण यांच्यामधल्या एखाद्या डोंगरावर पाचगणीहून जास्त पाऊस पडत असेल, तर उतारा खराच राहतो आणि पर्याय पडतो. ‘सतत’ऐवजी ‘या तीन ठिकाणी’ असतं तर तो बिनधोक होता.

(4) पाडायला तर कल्पनाही लढवावी लागत नाही. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणारी गावं आहेत, कारण कातळावरून पाणी वाहून जातं.

इथे कुणीतरी हात वर करतं: “सर, सह्याद्री बाहेरचा म्हणून चालला नाही, मग कातळ कसा चालला?” प्रश्न रास्त आहे. बाहेरचं ज्ञान पर्याय पाडायला चालतं, उभा करायला चालत नाही. पाडायला फक्त ‘असं असू शकतं’ एवढं पुरतं. उभा करायला उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवून दाखवावं लागतं.

राहिला (3). तो गुळमुळीत वाटतो, ‘असू शकतो’ म्हणतो, काही नवीन सांगत नाही. म्हणूनच तो टिकतो. महाबळेश्वर आणि पाचगणी ही जोडी त्याला पुरेशी आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सर्व’, ‘एकमेव’ असे छाती काढून चालणारे पर्याय जास्त संशयानं बघावेत. पण आंधळेपणानं खोडूही नयेत: उताऱ्यातच ‘सर्व’ असेल तर निष्कर्षात यायला हरकत नाही.

दिशा उलटली का ते बघा

कॉलेजात असताना आमच्या फलकावर सूचना होती: ‘ज्यांची हजेरी 75 टक्क्यांहून कमी आहे, त्यांना परीक्षेला बसता येणार नाही.’ माझी 82 होती. मी निवांत. हॉल तिकीट घ्यायला गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “फी भरली का?” नव्हती भरली. मी त्यांच्याशी तावातावानं भांडलो की सूचनेत असं कुठे लिहिलंय. लिहिलेलं नव्हतं, पण 75च्या वरच्या सगळ्यांना बसू देऊ, असंही नव्हतं लिहिलेलं. ते वाक्य मी माझ्या मनानं जोडलं होतं.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, यासाठी धूर आणि अग्नीचं उदाहरण देतात. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. मग जिथे अग्नी तिथे धूर? नाही: लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ‘जर-तर’, ‘ज्यांना-त्यांना’, ‘जिथे-तिथे’ दिसलं की समासात बाण काढा, धूर → अग्नी. पर्यायात बाण उलटा झाला असेल तर तो गेलाच. ‘धूर नाही, म्हणून अग्नी नाही’ हे त्याच चुकीचं दुसरं रूप. ‘अग्नी नाही, म्हणून धूर नाही’ हे मात्र बरोबर निघतं.

दोन पर्याय उरले तर

प्रश्नात कधी ‘सर्वांत तर्कसंगत’ असं म्हटलेलं असतं आणि काटेकोर कसोटीवर एकही पर्याय पुरता टिकत नाही. (तसं म्हटलं तर देवदत्तही एखाद्या आजारानं फुगलेला असू शकतो.) अशा वेळी प्रत्येक पर्याय खरा ठरायला आपल्याला पदरचं किती घालावं लागतं ते मोजा. एका पर्यायाला एक साधी गोष्ट मानावी लागते, दुसऱ्याला तीन, तर पहिला घ्या. तरीही ठरेना, तर खूण करून पुढे जा. सरासरी काढली तर एका प्रश्नाला दीड मिनिट येतं, तेही उतारा वाचण्याचा वेळ धरून.

सरावासाठी

उताऱ्यांची पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. रोजच्या वर्तमानपत्रातली चौकटीतली छोटी बातमी कापा. तिच्यावर चार पर्याय स्वतः लिहा: एक टिकणारा, एक बाहेरच्या माहितीनं खरा पण बातमीत नसलेला, एक बाण उलटा केलेला, एक ‘सर्व’ किंवा ‘कधीच’ घुसवलेला. मित्राला सोडवायला द्या, त्याचे तुम्ही सोडवा. खोटे पर्याय रचायला बसलात की पेपर काढणाऱ्याच्या खुर्चीत बसता, आणि त्याची खोडी कुठे असते ते आठवडाभरात दिसायला लागतं. टिकणारा पर्याय लिहिणं सर्वांत अवघड जाईल. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी लिहिलेल्या ‘बरोबर’ पर्यायांपैकी निम्मे तरी शेजारी बसलेला पाडून दाखवतो.