कॉम्ब जेलीचं आक्रमण समजून घेताना या चुका टाळा

नेमिओप्सिस लेइडी ही कॉम्ब जेली मूळची अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून, ती काळ्या समुद्रात आली आणि १९८२ मध्ये तिथे तिची पहिली नोंद झाली. १९९९ मध्ये ती कॅस्पियनमध्ये सापडली, २००६ मध्ये उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये. तिच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण काही चुका अजून तशाच फिरताहेत.

जेलीफिश समजणं

दिसायला पारदर्शक, लिबलिबीत, एवढंच साम्य. कॉम्ब जेलीला डंख नसतो. ती चिकट पेशींनी भक्ष्य पकडते आणि केसांच्या आठ रांगा हलवत पोहते. त्या रांगांवर सरकणारे इंद्रधनुषी रंग म्हणजे तिचा स्वतःचा प्रकाश नव्हे, ते बाहेरच्या उजेडाचे खेळ. अंधारात धक्का लागल्यावर दिसणारी निळसर-हिरवी चमक मात्र तिची स्वतःची.

नमुना थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकणं

विद्यार्थ्यांकडून हे हमखास होतं. सवयीने बाटलीत फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं रसायन) ओततात आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आत नुसता गढूळपणा उरतो. मग तक्त्यात शून्य लिहिलं जातं! जाळं हळू ओढा, बोटीवरच जिवंत असताना मोजा, लांबी घ्या, फोटो काढा, आणि थोडा भाग डीएनएसाठी इथेनॉलमध्ये ठेवा. डीएनए का, तर उत्तर बाल्टिकमध्ये नेमिओप्सिसची पिल्लं म्हणून नोंदलेले जीव तपासणीत मर्टेन्सिया ओवम निघाले. ही थंड पाण्यातली वेगळीच जात. अनेक कॉम्ब जेलींची पिल्लं इतकी सारखी दिसतात की नुसत्या नजरेवर विसंबून ‘आक्रमण’ जाहीर करू नये.

टनांचे आकडे जसेच्या तसे छापणं

१९८९ च्या सुमारास काळ्या समुद्रात एक अब्ज टन कॉम्ब जेली होती, हा आकडा प्रसिद्ध आहे. थोड्या जागी ओढलेल्या जाळ्यांवरून सगळ्या समुद्राचा हिशेब मांडलेला असल्यामुळे तो वादग्रस्तही आहे. शिवाय हे वजन ओलं, आणि तिच्या अंगात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्याची तुलना जगाच्या मासळी उत्पादनाशी केली की मथळा दणदणीत होतो, पण एका बाजूला मासळी आणि दुसऱ्या बाजूला बव्हंशी पाणी तोलल्यासारखं होतं.

सगळं खापर तिच्यावर फोडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर हमसी, म्हणजे तिथली अँचोव्ही, हे घराघरातलं खाणं. १९८८ नंतरच्या दोन-तीन हंगामांत हमसीची मासेमारी कोसळली. कॉम्ब जेली माशांची अंडी-पिल्लं खात होती आणि त्यांच्या तोंडचे प्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) संपवत होती, हे खरं. पण त्याआधी बांगड्याच्या कुळातले आणि इतर शिकारी मासे बेसुमार पकडून झाले होते, हमसीवर मोठाले ताफे तुटून पडत होते आणि डॅन्यूब नदी शेतांतली खतं समुद्रात ओतत होती. पाणी आधीच बिघडलं होतं. पाहुणी आयत्या पानावर बसली. १९९० नंतर पूर्व युरोपात खतांचा वापर घटला आणि मासेमारीचा ताणही उतरला. हमसी त्यानंतर सावरू लागली, तेव्हा कॉम्ब जेलीला खाणारी दुसरी जात अजून आलीही नव्हती.

ती जात म्हणजे बेरोई ओवाटा, हीसुद्धा कॉम्ब जेलीच. १९९७ मध्ये ती काळ्या समुद्रात आढळली आणि नेमिओप्सिसची संख्या खरोखर उतरली. त्यावरून ‘शत्रूचा शत्रू आणून सोडा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. कॅस्पियनसाठीही तो विचार झाला. तिथे किल्का मासळीची धूळधाण झाली होती. पण कॅस्पियनचं पाणी काळ्या समुद्राहूनही कमी खारट, आणि बेरोईच्या वाढीला नेमकी तीच अडचण. काळ्या समुद्रात ती कुणी योजून सोडली नव्हती, हेही सल्ला देणारे विसरतात.

पाणी बदललं की काम झालं, असं मानणं

मर्चंट नेव्हीतल्या मराठी मंडळींसाठी हे खास. खोल समुद्रात बॅलास्ट बदलल्याने जीव कमी होतात, संपत नाहीत. टाकीच्या तळाचा गाळ राहतोच. शिवाय असं पाणी बदलायला किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आणि २०० मीटर खोली अपेक्षित असते, ती बंदिस्त समुद्रांत मिळणार कुठून? बॅलास्ट पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला, आणि आता जहाजावरच पाणी शुद्ध करणारी यंत्रणा लागते. नदीमुखाच्या गढूळ पाण्यात तिचे फिल्टर तुंबतात, यूव्ही (अतिनील) दिव्यांचा प्रकाश आत शिरत नाही, आणि मग बायपासचा, म्हणजे यंत्रणा टाळून पाणी थेट टाकीत घेण्याचा, मोह होतो. त्याऐवजी जमेल तिथे स्वच्छ पाणी असलेल्या ठिकाणी बॅलास्ट भरा. बायपास करावाच लागला तर नोंदवहीत लिहा आणि पुढच्या बंदराला पोहोचण्याआधी कळवा.

दिसली नाही म्हणजे गेली, असं समजणं

उपासमारीत ही मरत नाही लगेच, अंगाने आक्रसते. अन्न मिळालं की पुन्हा वाढते. नर-मादी एकाच देहात असल्यामुळे एकटीही प्रजा वाढवते, तीही दिवसाला हजारो अंडी घालून. पकडून दोन तुकडे करून परत पाण्यात फेकणं तर व्यर्थच, कारण अर्धा देह काही दिवसांत पूर्ण होतो. अझोव्ह समुद्रात ती दर हिवाळ्यात थंडीने नष्ट होते आणि पुढच्या वर्षी केर्चच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राकडून नव्याने येते. म्हणून अशा ठिकाणी एका रिकाम्या हिवाळ्यावरून निष्कर्ष काढू नका. जाळं उन्हाळ्याच्या अखेरीसही टाका, आणि शेजारच्या समुद्रातही.