आधी कपडा उलटा करून बघा: स्वमग्न मुलांच्या कपड्यांबाबत या चुका टाळा

माझा मुलगा पाच वर्षांचा होता. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर त्याला नवाकोरा जरीचा कुर्ता घातला. दोन मिनिटांत त्याने तो ओरबाडून काढला आणि रडून रडून लाल झाला. ‘लाडावलंय पोरगं’ असं घरचे म्हणाले, मीही दटावलं. रात्री कुर्ता उलटा केला. गळ्याशी आतून जरीची टोकं, काखेत ओव्हरलॉकची जाड शिवण. हात फिरवला तर मलाच टोचलं.

हट्ट समजणं ही पहिली चूक. अनेक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना स्पर्श फार तीव्र जाणवतो. निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत २०१३ पासून हा संवेदनांचा फरक लक्षणांतच धरला आहे.

लेबल कात्रीने कापू नका. उरलेला खुंट जास्त टोचतो. एकेक टाका उसवून, नायलॉनचा दोरासुद्धा ओढून काढा. मोज्यांची बोटांवरची शिवण खुपत असेल तर मोजे उलटे घाला.

नवा कपडा थेट अंगावर नको. आधी तीन-चार वेळा धुवा, खळ पूर्ण जाऊ द्या. बाळाला पहिलं झबलं जुनेराचं शिवायची आपली रीत किती शहाणी होती! मोठ्या भावंडांचे वापरून मऊ झालेले कपडे मिळाले तर आनंदाने घ्या.

गणवेशाला आम्ही फार त्रास काढला. टेरिकॉटची पँट घातली की शाळेच्या फाटकातच रडारड. शेवटी सांगलीत मारुती रोडवर त्याच रंगाचं सुती कापड शोधलं, शिंप्याकडून कमरेला इलॅस्टिकऐवजी मऊ नाडी लावून घेतली आणि शाळेला थेरपिस्टची चिठ्ठी दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारमान्य शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यावी, असंही त्यात आहे. तेव्हा संकोच न करता मागा.

सगळ्यांना सैलच आवडतं असं धरून चालू नका. काहींना अंगाला घट्ट बसणाऱ्या होजिअरीच्या बनियनने शांत वाटतं. मात्र वळ उठत नाहीत ना, हे बघा.

रोजचा शर्ट अचानक नको म्हणाला? साबण बदलला का, अंगावर पुरळ आहे का, कडक उन्हात वाळून कापड ताठरलं का, ते तपासा. आवडता शर्ट आखूड होण्याआधीच तसाच मोठ्या मापाचा घेऊन ठेवा.

यंदा कुर्ता महिनाभर आधी आणला. त्याने तो उलटाच घातला आणि दिवसभर काढला नाही. दिवाळीच्या फोटोत सगळ्या शिवणी दिसतात.